राउटरवरचे दिवे



आज आम्ही एका लहानशा डब्याविषयी बोलणार आहोत. हा डबा आता पुष्कळ घरांत दिसतो. तो भिंतीवर टांगलेला असतो, नाहीतर टीव्हीजवळ ठेवलेला असतो. त्यावर बारीक दिवे लुकलुकत असतात. त्याला राउटर म्हणतात. कोणी त्याला वायफायचा डबा म्हणतात. नाव काहीही म्हणा, काम एकच. बाहेरून आलेले इंटरनेट तो घरातल्या मोबाइलला, टीव्हीला, कॅमेऱ्याला वाटून देतो.

डबा नीट चालतो तोवर त्याच्याकडे कोणी पाहत नाही. तो बंद पडला की घरात गलका होतो. "भाऊ, नेट चालून नाही राहिलं!" मग एकजण डब्याला चापट मारतो. दुसरा सगळ्या तारा उपटतो आणि पुन्हा खोचतो. तिसरा मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालतो. शेवटी सगळे म्हणतात, "आता मेकॅनिक येईल तेव्हा येईल." मेकॅनिक चामोर्शीहून किंवा गडचिरोलीहून यायचा. त्यात दोन दिवस जातात.

दोन दिवस गेले तर काय बिघडले? सिनेमा पाहायचा राहिला तर फारसे काही बिघडत नाही. पण आता डब्यावर मोठी कामेही चालतात. धान विकण्यासाठी नोंदणी करायची असते. मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो. सातबारा काढायचा असतो. या कामांना शेवटची तारीख असते, आणि तारीख कोणासाठी थांबत नाही. तालुक्याला जाऊन काम करावे म्हटले तर त्या दिवसाची मजुरी बुडते. एसटीचे भाडे वेगळेच.

म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे. डबा दुरुस्त करणे हे मेकॅनिकचे काम असेल. पण बिघाड कुठे आहे हे शोधणे आपले काम आहे, आणि ते आपल्याला जमते. त्याला हत्यार लागत नाही. डोळे लागतात, थोडा धीर लागतो आणि वाचता-लिहिता यावे लागते. ते आता आपल्याला येते.

पाट कुठे फुटला?

आपला मुलूख धानाचा. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत जुने मामा तलाव आहेत. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. त्या तलावाचे पाणी पाटाने बांधीपर्यंत येते. एखाद्या दिवशी बांधी कोरडी दिसली तर शेतकरी काय करतो? तो बांधीत बसून कपाळाला हात लावत नाही. तो पाटाच्या कडेने चालू लागतो. तलावात पाणी आहे का? तोंड उघडे आहे का? पाट कुठे फुटला? मध्ये कोणी आडवा बांध घातला का? चालता चालता त्याला जागा सापडते.

इंटरनेटचेही तसेच आहे. त्याच्या वाटेचे चार टप्पे आहेत.

पहिला टप्पा म्हणजे बाहेरची वाट. कंपनीच्या केंद्रापासून आपल्या घरापर्यंत केबल येते.

दुसरा टप्पा म्हणजे डबा आणि त्याला मिळणारी वीज.

तिसरा टप्पा म्हणजे घरातली हवा. डब्यापासून मोबाइलपर्यंत तार नसते. मधली वाट हवेतून जाते. तिलाच वायफाय म्हणतात.

चौथा टप्पा म्हणजे ती वस्तू. मोबाइल, टीव्ही, कॅमेरा, प्रिंटर, यांपैकी कोणतीही.

नेट बंद पडले की या चार टप्प्यांपैकी एक कुठेतरी तुटलेला असतो. कोणता, ते क्रमाने पाहायचे. उगाच चारही ठिकाणी हात घालायचा नाही.

काचेची वाट

पहिल्या टप्प्याची थोडी ओळख करून घेऊ.

जुन्या टेलिफोनला तांब्याची तार असे. नव्या केबलीत काचेचा धागा असतो. तो केसासारखा बारीक असतो. त्यातून वीज जात नाही, प्रकाश जातो. धागा वळला तरी प्रकाश आतल्या आत वळत पुढे जातो. हे शास्त्र उभे करण्यात आपल्या देशातल्या एका माणसाचा मोठा वाटा आहे. त्यांचे नाव नरिंदरसिंग कपानी. ते पंजाबातल्या मोगा गावचे. काचेच्या धाग्यांच्या जुडीतून चित्र पलीकडे नेता येते, हे त्यांनी आणि त्यांचे गुरू हॉपकिन्स यांनी इंग्लंडात १९५४ साली छापून दाखवले. पुढे १९६६ साली चार्ल्स काव यांनी सांगितले की काच अगदी शुद्ध केली तर दूरवरचे बोलणेही तिच्यातून पाठवता येईल. त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हीच काचेची वाट ग्रामपंचायतींपर्यंत नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. २०१५ साली तिला भारतनेट असे नाव मिळाले. ग्रामपंचायतीत येणारी ती काळी केबल याच कामाची. तिथून शाळा, दवाखाना आणि घर अशा फांद्या फुटतात.

आता काच म्हटली की जपणे आले. घरात आलेला बारीक धागा खिळ्याला घट्ट बांधू नका. दाराच्या फटीत चेपू नका. त्याला कोपऱ्यात काटकोनात मोडू नका. बांगडीएवढा मोठा वळसा ठेवा. उंदीर कुरतडणार नाही असा उंचावरून न्या. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. धाग्याचे टोक निघाले तर त्यात डोळा लावून पाहू नका. त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण तो डोळ्यांना इजा करू शकतो. मुलांनाही हे सांगून ठेवा.

दिवे काय सांगतात?

आता डब्यासमोर उभे राहा. कोणतीही तार ओढण्याआधी दिवे वाचा.

दिव्यांखाली इंग्रजी अक्षरे असतात. ती पाहून बिचकू नका. चारपाच खुणा ओळखता आल्या की पुरे.

पहिला दिवा विजेचा. त्याच्याजवळ 'पॉवर' असे लिहिलेले असते, किंवा वर्तुळात उभी रेघ काढलेली असते. हा दिवा लागला नसेल तर डब्याला वीजच मिळत नाही. मग कंपनीला दोष देऊ नका. बटण पाहा, पिन पाहा, अडॅप्टर पाहा.

दुसऱ्या दिव्याखाली तीन अक्षरे असतात, एल-ओ-एस. पहिले अक्षर म्हणजे उभी काठी आणि तिला खाली उजवीकडे आडवा पाय. दुसरे वाटोळे, पुरीसारखे. तिसरे सापासारखे वळलेले. हा दिवा नेहमी विझलेला असावा. तो लाल होऊन लुकलुकू लागला तर काचेतून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोचत नाही. कुठेतरी धागा तुटला, वाकला किंवा निसटला आहे.

तिसऱ्या दिव्याखालीही तीन अक्षरे असतात, पी-ओ-एन. पहिले अक्षर म्हणजे उभी काठी आणि तिला वर उजवीकडे पोट. दुसरे पुन्हा वाटोळे. तिसरे म्हणजे दोन उभ्या काठ्या आणि मध्ये तिरपी काठी. हा दिवा हिरवा आणि स्थिर असावा. तो सारखा लुकलुकत राहिला तर डबा केंद्राला हाक मारतो आहे, पण ओळख पटलेली नाही, असे समजा.

चौथा दिवा इंटरनेटचा. त्याजवळ बहुधा पृथ्वीच्या गोलाचे चित्र असते. पाचवा वायफायचा. त्याजवळ एकावर एक कमानी काढलेल्या असतात.

डब्याची जात बदलली की दिव्यांचे रंग आणि जागा थोड्या बदलतात. म्हणून एक काम आजच करा. नेट चांगले चालू असताना डब्याकडे नीट पाहा. कोणते दिवे लागले आहेत, कोणते विझले आहेत, हे वहीत लिहून ठेवा. निरोगी माणसाची नाडी ठाऊक असेल तरच ताप आलेला कळतो.

काही गावांत केबल नसते. तिथे सिमकार्ड घातलेला डबा असतो. त्याला एल-ओ-एसचा दिवा नसतो. त्यावर टॉवरच्या रेघा असतात. रेघा कमी दिसल्या तर डबा खिडकीशी किंवा उंच जागी ठेवून पाहा. भोवती दाट झाडी असेल तर हातभर जागा बदलल्यानेही फरक पडतो.

आता दिव्यांवरून निकाल असा लावावा.

एल-ओ-एस लाल असेल तर बिघाड बहुधा पहिल्या टप्प्यात आहे. आधी घरातला धागा कुठे मोडला का, डब्यात नीट बसला आहे का, ते पाहा. तो ठीक असेल तर बाहेर कुठेतरी तुटले आहे. शेजाऱ्याकडे त्याच कंपनीचे नेट असेल तर त्याला विचारा. त्याचेही बंद असेल तर उत्तर मिळाले. रस्ता खोदताना केबल तुटते, वादळात फांदी पडूनही तुटते. अशा वेळी डब्याशी खेळत बसू नका. तक्रार नोंदवा.

सगळे दिवे चांगले, पण इंटरनेटचा दिवा लागत नाही, असे झाले तर आधी पैसे भरले आहेत का ते पाहा. मुदत संपली की दिवे चांगले दिसतात, पण नेट येत नाही.

बंद-चालू करणे वेगळे, पुसून टाकणे वेगळे

डबा म्हणजे एक लहानसा संगणकच. दिवसरात्र चालून तो कधी कधी अडखळतो. तेव्हा त्याला बंद करून पुन्हा चालू करावे. हा उपाय साधा आहे आणि पुष्कळदा लागू पडतो. पण त्याचीही रीत आहे.

बटण बंद करा. मनात तीस आकडे मोजा. मग चालू करा. चालू केल्यावर पाच मिनिटे त्याला हात लावू नका. दिवे एकेक करून लागतील. लागले नाहीत म्हणून दर मिनिटाला बंद-चालू केले तर तो कधीच उभा राहणार नाही. घरात दोन डबे असतील, एक काचेच्या धाग्याचा आणि एक वायफायचा, तर आधी धाग्याचा चालू करा. त्याचे दिवे स्थिर झाले की मग वायफायचा करा.

आता टाचणीची गोष्ट. डब्याच्या मागे बारीक छिद्र असते. त्याजवळ 'रीसेट' असे लिहिलेले असते. त्यात टाचणी घालून काही सेकंद दाबले की डबा आपले सगळे शिकलेले विसरतो. वायफायचे नाव, पासवर्ड, कंपनीने भरून दिलेली माहिती, सारे पुसले जाते. मग मेकॅनिक आल्याशिवाय पुष्कळदा गत्यंतर राहत नाही. दहा मिनिटांचे काम दोन दिवसांचे होते. पाटी झटकणे निराळे आणि पाटीवरचे पुसणे निराळे. छिद्रात टाचणी घालू नका.

सगळ्यांचे बंद, की एकाचे?

दिवे सगळे ठीक आहेत आणि तरी तक्रार आहे. आता एकच प्रश्न विचारा. घरातल्या सगळ्या वस्तूंचे नेट बंद आहे, की एकीचेच?

सगळ्यांचे बंद असेल तर दोष पहिल्या दोन टप्प्यांत शोधा. एकीचेच बंद असेल तर डब्याला बोल लावू नका. दोष हवेत आहे, नाहीतर त्या वस्तूत आहे.

मग ती वस्तू डब्याजवळ आणून पाहा. मोबाइल डब्यापासून चार हातांवर आणला आणि नेट सुरू झाले, तर मोबाइल चांगला आहे. दोष अंतराचा आणि भिंतीचा आहे. जवळ आणूनही चालले नाही, तर दोष त्या मोबाइलात आहे. हा साधा प्रयोग आहे. त्याला पैसा लागत नाही.

भिंत, पत्रा आणि पाणी

वायफायच्या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांना अडथळे होतात. जाड मातीची भिंत त्यांना कमजोर करते. टिनाचा पत्रा, लोखंडी कपाट, फ्रीज आणि पाण्याची टाकी त्यांना फार अडवतात. म्हणून डबा कपाटात ठेवू नये. टीव्हीच्या मागे लपवू नये. धूळ बसू नये म्हणून त्यावर रुमाल टाकू नये. त्याला वाऱ्यासाठी छिद्रे असतात, ती झाकली की तो तापतो आणि अडखळतो. चुलीचा धूर आणि ओल यांपासूनही त्याला दूर ठेवा. घराच्या मध्यावर, माणसाच्या डोक्याहून थोडा उंच, मोकळ्या जागी डबा असावा.

पुष्कळ नव्या डब्यांतून दोन तऱ्हेच्या लहरी निघतात. एक २.४ आकड्याची आणि एक ५ आकड्याची. २.४ ची लहर ढोलाच्या आवाजासारखी आहे. ती भिंतीपलीकडे दूर जाते, पण वेग थोडा कमी. ५ ची लहर झांजेच्या बारीक किणकिणाटासारखी आहे. तिचा वेग जास्त, पण भिंत आली की ती लवकर मंदावते. मोबाइलमध्ये कधी कधी एकाच घराची दोन नावे दिसतात, आणि एका नावाच्या शेवटी '५जी' असते. हा मोबाइल टॉवरचा ५जी नव्हे. ही आपल्याच डब्याची ५ आकड्याची लहर आहे. डबा ओसरीत आणि तुम्ही मागच्या खोलीत, तर दुसऱ्या नावाला, म्हणजे २.४ ला जोडा.

टीव्ही, कॅमेरा आणि प्रिंटर

आता घरातल्या वस्तूंचे स्वभाव पाहू.

कॅमेरा. गोठ्यावर किंवा दुकानावर लावलेले पुष्कळ कॅमेरे फक्त २.४ ची लहर ओळखतात. ५ ची त्यांना दिसतच नाही. नवा कॅमेरा जोडताना मोबाइल ५ वर असेल तर पुष्कळदा दोघांची गाठ पडत नाही. लोक म्हणतात, "कॅमेरा खराब निघाला." खराब नसतो. मोबाइल २.४ वर घेऊन पुन्हा जोडा.

टीव्ही. वीज जाऊन आल्यावर कधी टीव्हीचे घड्याळ चुकते. तारीख भलतीच होते. मग वायफाय जोडलेले दिसते, पण चित्र येत नाही. कारण इंटरनेटवर दोन यंत्रे एकमेकांची ओळख तपासतात, तेव्हा ओळखपत्राची मुदत तारखेवरून पाहतात. तारीख चुकली की ओळखपत्र खोटे वाटते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन तारीख आणि वेळ दुरुस्त करा. मोबाइललाही हाच नियम लागू आहे.

प्रिंटर. डबा घरातल्या प्रत्येक वस्तूला एक क्रमांक देतो, जसा घराला घरक्रमांक असतो. पण हा क्रमांक कायमचा नसतो. डबा बंद-चालू झाला की तो बदलू शकतो. संगणक जुन्या क्रमांकावर कागद पाठवत राहतो आणि प्रिंटर नव्या क्रमांकावर बसलेला असतो. सेवा केंद्र चालवणाऱ्या भावांना आणि बहिणींना हा त्रास नेहमी होतो. प्रिंटर संगणकातून काढून पुन्हा जोडला की काम होते. मेकॅनिकला सांगून प्रिंटरचा क्रमांक डब्यात कायमचा राखून ठेवला तर आणखी बरे.

सगळ्या वस्तूंसाठी एक गोष्ट. वायफायचा पासवर्ड बदलला की तो प्रत्येक वस्तूला नव्याने सांगावा लागतो. मोबाइलमध्ये जुने नाव काढून टाका आणि नवा पासवर्ड भरा. डबाच नवीन आणला असेल तर एक युक्ती आहे. नव्या डब्याला जुन्याच डब्याचे नाव आणि जुनाच पासवर्ड द्यायला सांगा. अक्षर न् अक्षर तेच असू द्या. मग जुन्या वस्तू बहुतेक आपणहून जोडल्या जातात.

आणि नेट बंद नाही, नुसते मंद आहे, असे असेल तर घरात कोण काय करते आहे ते पाहा. एकजण सिनेमा उतरवतो, दुसरा खेळतो, कॅमेरा सारखे चित्र पाठवतो. पाट एकच आणि बांध्या पाच. अर्ज भरायचा असेल तेवढा वेळ बाकीच्यांना थांबवा.

वीज आली, वीज गेली

डब्याला वीज थोडीच लागते, पण ती स्थिर लागते. पंप सुरू झाला की दिवे मंद होतात, हे आपण पाहतो. त्याच वेळी डबाही बंद-चालू होऊ शकतो. इन्व्हर्टर असला तरी वीज बदलण्याच्या त्या क्षणी काही डबे विझतात. त्यासाठी राउटरला लावायचा लहान यूपीएस मिळतो.

अडॅप्टर बिघडला तर घरात पडलेला कोणताही अडॅप्टर लावू नका. जुन्यावर व्होल्टचा आकडा छापलेला असतो. पुष्कळदा तो १२ असतो. नव्यावरही तोच आकडा हवा. अँपिअरचा आकडा तेवढाच किंवा जास्त चालेल, कमी चालणार नाही. पिनही तशीच हवी. हे आकडे फार बारीक असतात. मुलाला वाचायला सांगा किंवा मोबाइलने फोटो काढून मोठे करून वाचा.

पावसाळ्याच्या तोंडी ढग गडगडू लागले की डब्याची पिन काढून ठेवा. काचेच्या धाग्यातून वीज येत नाही हे खरे. पण विजेच्या तारेतून झटका येऊ शकतो, आणि काही केबलींना आधारासाठी लोखंडी तारही असते. पिन काढायची ती गडगडाट दूर असताना. वीज डोक्यावर कडाडत असताना तारांना हात लावू नका.

कुलूप आणि चोर

कारखान्यातून येताना डब्यात आणि कॅमेऱ्यात एक पासवर्ड भरलेला असतो. पुष्कळदा तो सोपा असतो आणि सगळ्या जगाला ठाऊक असतो. तो बदलला नाही तर काय होते? २०१६ साली मिराई नावाच्या एका दुष्ट प्रोग्रामने जगभरचे असे कॅमेरे आणि राउटर काबीज केले. मालकांना पत्ताही नव्हता. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला या वस्तूंच्या जोरावर अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीवर हल्ला झाला आणि मोठमोठ्या वेबसाइट काही तास लोकांना उघडेनात. जगातला हल्ला, पण हत्यार घराघरांतले. म्हणून कारखान्याचा पासवर्ड बदलून घ्या. नवा पासवर्ड लांब ठेवा. आपले नाव किंवा मोबाइल नंबर ठेवू नका.

दुसरा चोर फोनवरून येतो. "मी कंपनीतून बोलतो. तुमचे नेट बंद पडणार आहे. हे ॲप घ्या. आलेला ओटीपी सांगा." नेट दुरुस्त करायला बँकेचा ओटीपी कधीही लागत नाही. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून ॲप घेऊ नका. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करा. हा सायबर फसवणुकीसाठी सरकारी क्रमांक आहे.

वही

शेवटी सगळ्यांत मोठे हत्यार सांगतो. ते म्हणजे आठ आण्यांच्या काळापासून चालत आलेली साधी वही आणि पेन्सिल.

डब्याजवळ वही दोरीने टांगून ठेवा. नेट बंद पडले की पाच गोष्टी लिहा. तारीख. वेळ. कोणते दिवे कसे होते. आपण काय केले. त्याने काय झाले.

एका वेळी एकच बदल करा. डबा बंद-चालू केला, मोबाइल बदलला आणि तारही हलवली, असे एकदम केले तर कशाने बरे झाले ते कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा अंधार.

महिनाभर लिहिले की वही बोलू लागते. समजा, बिघाड रोज संध्याकाळी सातलाच होतो. म्हणजे विजेचा दाब पाहायला हवा. समजा, पाऊस आला की एल-ओ-एस लाल होतो. म्हणजे बाहेरच्या जोडात पाणी शिरत असावे. तोंडी आठवणीवर हे सापडत नाही. लिहिलेले असले तर सापडते.

तक्रार करतानाही वही कामाला येते. "नेट चालत नाही" एवढेच सांगितले तर तिकडून उत्तर येते, "डबा बंद करून चालू करा." पण आपण असे सांगावे: "मंगळवारी सकाळी नऊपासून एल-ओ-एस लाल लुकलुकतो आहे. घरातला धागा पाहिला. दोनदा बंद-चालू केले. शेजाऱ्याचेही बंद आहे." असे बोलणाऱ्याला टाळता येत नाही. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या आणि वहीत लिहा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१२ साली नियम केले आहेत. त्यांप्रमाणे तक्रारीला क्रमांक मिळाला पाहिजे, आणि समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील विभागाकडे दाद मागता येते. ग्राहकांसाठी १९१५ हा राष्ट्रीय मदत क्रमांकही आहे. पण क्रमांक आणि तारीख नसेल तर दाद कशाच्या आधारावर मागणार?

भगिनींनो, तुम्हाला एक वेगळे सांगायचे आहे. डबा घरात असतो आणि दिवसभर घरात बहुधा तुम्ही असता. तरी दिवे वाचण्याचे काम पुरुषांचे किंवा शाळेतल्या मुलांचे, असे मानले जाते. ते बरोबर नाही. दूध उतू जाण्याआधी जिच्या ध्यानात येते, तिला लाल दिवा आधी दिसेल. वही तुमच्या हाती असू द्या.

तर मंडळी, क्रम पुन्हा एकदा म्हणू या.

आधी दिवे वाचा.

मग विचारा, सगळ्यांचे बंद की एकाचे?

मग एकदा रीतीने बंद-चालू करा.

वस्तू डब्याजवळ आणून पाहा.

एका वेळी एकच बदल करा आणि लिहून ठेवा.

छिद्रात टाचणी घालू नका आणि कोणाला ओटीपी देऊ नका.

आज घरी गेल्यावर डब्यासमोर पाच मिनिटे उभे राहा. चालू असतानाचे दिवे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. वर आजची तारीख घाला. एवढे आज केले तर पुढच्या बिघाडाच्या दिवशी अर्धे काम झालेले असेल.